बसून घेतलेले माप

माझ्या डाव्या पट्ट्यावर, बकलापासून चार बोटांवर, एक आडवी शिवण आहे. दोरा गडद तपकिरी, टाके सगळे एकाच लांबीचे, शेवटची गाठ शोधूनही सापडत नाही. कारखान्यातल्या माझ्या मूळ शिवणी तिच्यापुढे ओबडधोबड दिसतात. पाहणारा प्रत्येक जण तिच्यावरून अंगठा फिरवतो आणि म्हणतो, काय हात आहे! मित्रांनो, माझ्या आयुष्यात जे बिघडले ते या शिवणीपासून बिघडले. म्हणून सुरुवात तिच्यापासून केली.

मी एक जुना हार्नेस आहे. घोडा गाडीला जुंपताना त्याच्या अंगावर साज चढवतात, तो तुम्ही चित्रात तरी पाहिला असेल. माझे काम तसेच, फक्त उलटे. इथे घोडा आभाळात असतो आणि साज गाडीत बसलेल्या माणसाच्या अंगावर.

हा घोडा म्हणजे पतंग. पण रिळावरून उडवायचा कागदी पतंग डोळ्यांसमोर आणू नका. हा कापडाचा असतो, पसरला तर अख्खी खोली व्यापेल एवढा. त्याला चार दोऱ्या आणि हातात धरायच्या दोन मुठी. गाडीला म्हणतात बग्गी. तीन चाके, जमिनीलगत एक बैठक, बस्स. इंजिन नाही, पायडल नाही, ब्रेकही नाही. पुढचे चाक पायांनी वळवायचे. ओहोटीला समुद्र मागे गेला की ओली, कडक वाळू उघडी पडते. तिथे वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला ओढतो आणि माणसासकट बग्गी पळते.

नुसत्या हातांनी ही ओढ फार वेळ सोसत नाही. खांदे भरून येतात, बोटे सुन्न होतात. म्हणून दोन मुठींच्या मध्ये एक आखूड, गुळगुळीत दोरी बांधतात आणि ती माझ्या पुढच्या पोलादी दांडीवरच्या आकड्यात अडकवतात. मग सगळी ओढ माझ्या पट्ट्यांवर येते आणि पट्ट्यांमधून बसणाऱ्याच्या कुल्ल्यांवर. हात मोकळे राहतात. त्यांनी फक्त पतंगाला दिशा द्यायची.

आकड्याशेजारी एक लाल गोळा आहे. तो खेचला की आकडा उघडतो, दोरी सुटते, मुठी सोडून देता येतात आणि पतंगाचा जोर क्षणात संपतो. बाकी सगळा मी धरून ठेवण्यासाठी आहे. तो एकटा गोळा सोडून देण्यासाठी आहे. माझे सर्वांत महत्त्वाचे अंग तेच.

माझा जन्म पत्र्याचे छप्पर असलेल्या एका लांबलचक खोलीत झाला. मला शिवणारी बाई एका कानात कापूस घालून बसायची, दुसरा कान गप्पांसाठी मोकळा ठेवायची. शेजारच्या मशीनवर नवी बाई आली होती. तिला ती एकदा म्हणाली, "ही सुई नीट बघून घे गं. टोक बोथट आहे. ती दोऱ्यांना बाजूला सारते, कापत नाही. पट्ट्याचा सगळा जीव त्याच्या उभ्या दोऱ्यांत. ते कापलेस, की वरून कितीही टाके घाल, शोभेपुरतेच." तेव्हा मी अर्धाच शिवून झालो होतो. तरी ते वाक्य माझ्या लक्षात राहिले. पुढे मला एका यंत्रात अडकवून करकचून ओढले. मी टिकलो, आणि माझ्यावर शिक्का बसला.

दुकानात मी फार दिवस लटकलो नाही. एक आडव्या अंगाचा, हसरा माणूस आला. तो सोफे शिवणारा कारागीर होता. आल्या आल्या त्याने माझी पाठ दुमडून पाहिली, शिवण पाहिली, आणि मला बाजूला ठेवून शेजारचा अरुंद कमरपट्टा उचलला.

"हा झकास आहे," आरशासमोर उभा राहून तो म्हणाला. "पैलवान वाटतो की नाही?"

"उभं राहून सगळेच पैलवान वाटतात," दुकानातली बाई म्हणाली. "खाली बसा."

दुकानाच्या मधोमध एक जुनी बग्गी ठेवलेली होती. तो तीत बसला. बाईने कमरपट्ट्याच्या आकड्यात दोरी अडकवली, समोर उभी राहिली आणि सगळे वजन टाकून मागे रेलली. कमरपट्टा सरकत सरकत त्याच्या काखेत जाऊन थांबला.

"आता बोला."

"बोलू कसा? श्वास कुठाय?"

मग बाईने मला त्याच्या अंगावर चढवले. मला खाली बैठक आहे आणि मांड्यांभोवती दोन पट्टे आहेत. तेच मला वर सरकू देत नाहीत. ते तिने तो बसल्यावर आवळले, आधी नाही. पुन्हा दोरी अडकवून ती मागे रेलली. दांडी जागची हलली नाही.

"आकडा बेंबीच्या खाली राहायला हवा. वर गेला की ओढ बरगड्यांवर येते आणि माणूस पुढे कोलमडतो. आता डोळे मिटा आणि लाल गोळा शोधा."

त्याचा हात सरळ गोळ्यावर गेला.

"हा तुमचा. पण दर वेळी तपासायचं ते असंच. बसून, आणि कुणीतरी ओढत असताना. उभ्याने तपासलेलं काही खरं नसतं."

पुढची काही वर्षे माझ्या सुखाची होती. त्याचे अंग आणि माझे माप एकमेकांसाठीच बेतल्यासारखे होते. दर ओहोटीला आम्ही किनाऱ्यावर जायचो. परतल्यावर तो मला गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवायचा, बकलांतली वाळू जुन्या दात घासायच्या ब्रशने काढायचा आणि सावलीत टांगायचा. मिठाने आणि उन्हाने माझ्यासारख्यांचे आयुष्य कमी होते, हे त्याला सांगावे लागले नाही. कापडाशी रोजचा संबंध असलेला माणूस होता तो.

माझा खिळा मोठ्या मोक्याच्या जागी होता. एकाच इमारतीत दोन गाळे, मध्ये एक दार. अलीकडे त्याचे सोफ्याचे वर्कशॉप, पलीकडे त्याच्या बायकोचे चष्म्याचे दुकान. मी त्या दाराच्या चौकटीवर. एका बाजूने मशीनची खडखड, दुसऱ्या बाजूने तिचा शांत आवाज. डोळे तपासणे हा तिचा पेशा. ती मोजकेच बोलायची, पण एका बाबतीत कुणाची गय करायची नाही.

"काका, काकूंचा चष्मा घालून आलात ना?"

"वाचता येतं की त्याने!"

"वाचता येतं म्हणून तो तुमचा झाला का? आणि डोकं दुखतं ते कुणाचं, काकूंचं?"

दिवसातून एकदा तरी हा संवाद व्हायचा. माणसे बदलायची, चष्मा नेहमी दुसऱ्याचाच.

एका ओहोटीला सोफेवाल्याचा पाय मुरगळला. पतंग लावून तयार, वारा छान, आणि हा वाळूत घोटा धरून बसलेला. तो बायकोला म्हणाला, "तू मार की एक चक्कर. लहान पतंग लावू." ती तोवर नुसती बघायला येत असे. तिने मला चढवले आणि बग्गीत बसली.

मित्रांनो, मी तटस्थपणे सांगतो. ती त्याच्यापेक्षा चांगली चालवायची. तिचा हात हलका होता. वाऱ्याचा झोत येण्याआधी पाण्यावरचा रंग बदलतो, तो तिला आधी दिसायचा. वळण घेताना ती पतंग घाईने फिरवायची नाही. परतली तेव्हा तिचा चेहरा वाळूने माखला होता आणि ती मोठ्याने हसत होती. तिला असे हसताना मी पहिल्यांदाच ऐकले.

त्यालाही आनंद झाला, अगदी मनापासून. पाय बरा झाल्यावरही तोच म्हणायचा, "तू बस, मी पतंग धरतो. मला आपली सोफ्यावर बसायची सवय." हळूहळू बग्गी तिचीच झाली.

मी मात्र तिचा झालो नाही. मी होतो त्याच्याच मापाचा. सगळे पट्टे शेवटपर्यंत ओढले तरी मी तिच्या अंगावर फिरायचो. मांड्यांच्या पट्ट्यांची लांब टोके लोंबायची आणि ती त्यांना कशीबशी खोचायची. त्याने हे पाहिले आणि बाह्या सरसावल्या.

"थांब, मी आहे ना!"

त्याच संध्याकाळी त्याने मला मशीनवर घेतले. डावा पट्टा दुमडला आणि त्यावर ती देखणी आडवी शिवण घातली. सुई चामड्याची होती. चामड्यात नुसते टोचून भागत नाही, भोक कापावे लागते. म्हणून त्या सुईच्या टोकाला बारीकशी धार असते. त्याचे सारे आयुष्य चामडे शिवण्यात गेलेले, त्याला सुई म्हणजे तीच. पण मी चामडे नव्हतो. टाक्यागणिक माझे काही उभे दोरे कापले गेले. वरून काही दिसत नव्हते. तपकिरी दोऱ्याने सगळे झाकून टाकले होते.

"बघ, कसा मापात आला! चालेल ना?"

"छान झालाय," ती म्हणाली.

कोपऱ्यातल्या अर्धवट सोफ्यावर त्याची आई बसली होती. कापडाचे तुकडे जुळवून उशा करणे हा तिचा विरंगुळा. ती मान वर न करता म्हणाली, "सूनबाई, छान म्हणताना श्वास कशाला रोखतेस?"

श्वास रोखण्याचे कारण होते. दुमड घातल्याने मी अरुंद झालो, पण माझी बैठक त्याच्याच मापाची राहिली. ती बग्गीत बसली आणि वारा भरला की माझी दांडी वर चढायची, थेट बरगड्यांशी. उभी राहिली की पुन्हा खाली. तपासणी ती उभ्यानेच करायची, कारण समोर उभे राहून तो कौतुकाने बघत असायचा. लाल गोळा तिच्या हाताला दर वेळी सापडायचा. दुकानातल्या बाईचे शब्द त्याच्या कानांवर पडले होते, तिच्या नाही, आणि तो ते विसरला होता.

पहिल्या शिवणीमागून दुसरी आली, मग तिसरी. कुठे स्पंजचा तुकडा, कुठे जादा बकल. तो दर वेळी नवी युक्ती काढायचा आणि दर वेळी लहान मुलासारखा तिच्या तोंडाकडे बघायचा. मला कुणी अडगळीत टाकले नाही. मित्रांनो, माझी सगळी झीज कौतुकातून झाली.

ती बोलायचे ठरवत होती. मला माहीत आहे, कारण तालीम माझ्यासमोर चालायची. तो एखादा सोफा पोहोचवायला गेला की ती दारापाशी यायची, माझा पट्टा हातात धरायची आणि हळूच म्हणायची, "हे बघ, तू एवढं करतोस, पण मला..." तेवढ्यात दुकानाची घंटी वाजायची. एकदा तर तिने त्याच्यासमोरच तोंड उघडले.

"अरे, त्या हार्नेसचं जरा..."

"उजवीकडे ढिला वाटतोय ना? कळलं मला. उद्याच घेतो!"

तिने मान डोलावली. आई मात्र गप्प बसणारी नव्हती.

"ती काय गादी आहे का रे, फुगली तिथे टाका मारायला?"

"आई, बाजारात असा मिळणार नाही. हा मी तिच्यासाठी केलाय."

"तेच म्हणतेय मी. तू केलायस. तिला कुणी विचारलं?"

तो हसला. तीही हसली, आणि तो विषय तिथेच राहिला.

मग तो दिवस आला. आभाळ स्वच्छ होते, वारा अंगावर चालून येणारा. आई नेहमीप्रमाणे मोटारीत थर्मास घेऊन बसलेली. सून उभ्याने तपासणी करून बग्गीत बसली आणि आम्ही निघालो. पहिल्या दोन फेऱ्या ठीक गेल्या. तिसऱ्या फेरीत, वळणावर, झोत आला. तिने तो पाहिला होता. ओढ कमी व्हावी म्हणून पतंग डोक्यावर घ्यायला सुरुवातही केली होती. पण दांडी बरगड्यांवर चढली आणि तिचा श्वास अडकला. त्याच वेळी डाव्या शिवणीपाशी मला काहीतरी सुटताना जाणवले. आवाज फार मोठा नव्हता, जुना कपडा फाडावा तसा. पट्टा अर्ध्यातून फाटला. मी तिरका झालो, दांडी पिळवटली, आणि सगळी ओढ तिच्या एका कुशीवर आली.

तिचा उजवा हात लाल गोळ्याकडे गेला. रोज जिथे सापडायचा तिथे, पोटापाशी. तिथे नुसते जाकीट होते. गोळा वर होता, बरगड्यांपाशी, पिळवटलेल्या दांडीआड दडलेला. बग्गीचे एक चाक उचलले गेले. माझा उरलेला पट्टा ताणला जात होता. मी जेवढे धरता येईल तेवढे धरले. पण त्या घडीला माझे काम धरण्याचे नव्हते, सोडण्याचे होते, आणि ते मला स्वतःहून करता येत नाही.

दुसऱ्या खेपेला तिने हात छातीवरून खाली घासत आणला. बोटांना गोळा लागला. तिने खेचला. आकडा उघडला, दोरी सुटली, मुठी हातातून गेल्या आणि पतंग वाळूवर पडला. उचललेले चाक दणकन खाली आले. बग्गी थोडी पळून थांबली.

तो धावत आला. इतका आडव्या अंगाचा माणूस एवढ्या वेगाने पळू शकतो, हे मला ठाऊक नव्हते.

"लागलं का? कुठे लागलं? बोल ना!"

"थांब," ती म्हणाली. "श्वास घेऊ दे."

बरगडीला मुका मार होता. तुटले काही नव्हते. उरलेला पट्टाही गेला असता, किंवा तिसऱ्यांदा हात न्यावा लागला असता, तर काय झाले असते, याचा विचारही नको.

हे सगळे काल घडले. आज मी वर्कशॉपच्या मोठ्या टेबलावर उताणा पडलो आहे. बाहेर अजून उजेड आहे. सोफेवाल्याने दिवसभर दुसरे काम घेतले नाही. त्याने जाड दोरा काढला आहे, माझ्या फाटलेल्या पट्ट्याखाली चामड्याची पट्टी धरली आहे आणि तो आईला सांगतो आहे, की बायकोला की स्वतःलाच, कोण जाणे.

"दुहेरी शिवतो. वरून हे चामडं जोडतो. आता हत्तीने ओढला तरी जाणार नाही."

"हत्तीसाठी कर मग," आई म्हणाली.

मधले दार उघडून बायको आली. अंगात दुकानातला पांढरा कोट, एक हात बरगडीवर, दुसऱ्या हातात भिंग.

"शिवायच्या आधी हे बघ," ती म्हणाली. "फाटलेली कड बघ."

तो भिंगावर वाकला. मी त्याचा डोळा इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता.

"तुटलेल्या दोऱ्याचं टोक विस्कटलेलं असतं, ब्रशसारखं," ती हळू आवाजात म्हणाली. "या कडेची थोडी टोकं तशी आहेत. बाकीची बघ."

"बाकीची सरळ आहेत," तो म्हणाला. "अगदी सरळ. जशी काही..."

त्याने मशीनवरची सुई काढली आणि भिंगाखाली धरली. तिची धार चमकली. मग त्याने माझी दुसरी शिवण पाहिली, तिसरी पाहिली. प्रत्येक भोकाशी तीच सरळ टोके. सुई त्याने टेबलावर ठेवली, पण हात तिच्यावरून काढला नाही.

"म्हणजे मीच कापत होतो."

"तू तो मला बसवायला बघत होतास. मला तो बसत नव्हता, आणि मी छान म्हणत होते."

"सांगायचंस ना गं!"

"सांगते आता."

आईने हातातली उशी खाली ठेवली. "बोला बाबांनो. मी डोळे मिटून घेते. कान तेवढे मिटता येत नाहीत."

मित्रांनो, अशा वेळी माझ्यासारखी वस्तू तुम्हांला विनवते, मला जपा, मला विसरू नका. मी तसे म्हणणार नाही. मला भरपूर जपले गेले. मला एवढेच सांगायचे आहे, की ज्या वस्तूवर तुमचा जीव टांगलेला असतो, तिचे माप तुमचेच असू द्या. ते उभ्याने घेऊ नका. बसून घ्या, ओढ असताना घ्या. सुटकेचा गोळा कुठे आहे ते डोळे मिटून शोधता आले पाहिजे. वस्तू धुवा, सावलीत वाळवा, शिवणी पाहा. आणि तिचे दिवस भरले की तिला नीट निरोप द्या. नुसते कोपऱ्यात टाकू नका. कुणीतरी चांगला दिसतोय म्हणून उचलेल आणि अंगावर चढवेल. त्या तपकिरी शिवणीला भुलणारे पुष्कळ असतील. मला त्याचीच भीती वाटते.

तो तिच्याकडे बघत होता. तालमीतले वाक्य तिने सुरू केले नाही. "तू एवढं करतोस, पण" हेही म्हटले नाही. पलीकडे दुकानाची घंटी वाजली. कुणीतरी काउंटरवर बोटांनी टकटक केली. तिने तिकडे पाहिले नाही. भिंग कोटाच्या खिशात टाकले, भिंतीवरची त्याची मोठी कात्री काढली आणि माझ्याशेजारी ठेवली.

"मला माझ्या मापाचा नवा हार्नेस हवाय. मी दुकानात जाऊन, बग्गीत बसून तो घेणार आहे, आणि तू समोरून ओढायला यायचंस. हा मात्र आज कापायचा. तू काप. तुझी कात्री सरळ चालते."